सत्तेचाळीस सायकली आणि एक प्रमाणपत्र

लातूर, ४ जून २००२

ती. अक्का,

धाकट्या सिद्धलिंगचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हे नुसतं लिहायचं म्हणून नाही, सध्या मी दिवसातला बराच वेळ आडवाच असतो. सहा महिने निलंबित असलेल्या माणसाला दुसरं काम काय? फोन केला असता, पण मागे तूच म्हणाली होतीस की फोनवर मी गोड बोलतो आणि कागदावर सापडतो. म्हणून कागद घेतला.

तर तीस जूनला माझं निलंबन संपतं. एक जुलैपासून मी पुन्हा जिल्हा खो-खो संघटनेचा कार्यकारी सचिव. आमचे अध्यक्ष आप्पासाहेब तुला ठाऊक आहेतच. आयुष्यात एकदाही खो-खोच्या पाटीवर बसले नाहीत, पण अध्यक्षाच्या खुर्चीवर सतरा वर्षं बसलेत. त्यांनी एक अट घातली आहे. कामावर परत येताना समाजातल्या प्रतिष्ठित व्यक्तीचं वर्तणुकीचं प्रमाणपत्र आणायचं. मी आपली सगळी नातीगोती आठवून पाहिली. प्रतिष्ठित म्हणावी अशी तू एकटीच निघालीस. निवृत्त मुख्याध्यापिका, शुद्ध चारित्र्य, सुंदर अक्षर.

घटना तू पेपरात वाचली असशील. पेपरवाल्यांनी तिखटमीठ लावलं होतं, खरी हकीकत साधी आहे. डिसेंबरात तो अख्खा आठवडा आमच्या मैदानावर गंधार सरांच्या क्लासचा मांडव होता, गुणवंतांच्या सत्काराचा. लातुरात आता मैदान मांडवासाठी असतं, मांडव नसला तर मुलं खेळतात. त्यामुळे सराव बंद, मुली घरी आणि मी रिकामा. म्हणून शुक्रवारी, म्हणजे एकवीस तारखेला, आप्पासाहेबांच्या शेतावर जेवायला गेलो. जेवणात थोडं पिणं झालं. येताना संध्याकाळी सहाला संघटनेची जीप गंधार सरांच्या क्लासच्या गल्लीत किंचित डावीकडे गेली. डावीकडे सायकली लावलेल्या होत्या. सत्तेचाळीस. पोलिसांनी मोजल्या, मी नाही. पोरं सगळी आत क्लासात होती, कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

प्रमाणपत्र पंधरा दिवसांत मिळालं तर बरं. तुझी भावजय शरणम्मा नमस्कार सांगते. ती माझ्याशी बोलत नाही, पण तुला नमस्कार सांगते.

तुझा,
सिद्धू


नांदेड, १० जून २००२

चि. सिद्धू,

आशीर्वाद. शरणम्माला जास्त आशीर्वाद.

जीप किंचित डावीकडे गेली हे वाचून मला जीपची फार काळजी वाटली. ती एकटीच गेली होती का? तू तेव्हा कुठे होतास, शेतावर अजून जेवत होतास? चौतीस वर्षं मी मुलांचे माफीनामे वाचले. त्यांतही काच आपली आपण फुटायची आणि शाई आपली आपण सांडायची. तू शेहेचाळीस वर्षांचा झालास, एवढाच काय तो फरक.

सत्तेचाळीस सायकली म्हणजे किंचित नव्हे. माझ्या अंदाजानं पहिल्या दहा सायकलींनंतर साध्या माणसाला शंका यायला हवी. तू जिद्दीनं पुढे गेलास, क्रीडाक्षेत्रात जिद्द लागतेच.

प्रमाणपत्रात काय लिहू ते तूच कळव. ‘यांची वर्तणूक चांगली आहे, सायकली सोडून’ असं चालेल का? की आप्पासाहेबांचंच प्रमाणपत्र मी मागवू? दारू त्यांच्या शेतावरची, जीप त्यांच्या संघटनेची, आणि वर्तणूक मात्र तुझ्या एकट्याची कशी काय?

चेष्टा पुरे. एकच विचारते आणि त्याचं सरळ उत्तर दे. कुणाला लागलं होतं का? सायकलींचं भरून देता येतं, माणसाचं नाही. नाही म्हणालास तर मी सही करीन.

तुझी,
अक्का


लातूर, १५ जून २००२

ती. अक्का,

नमस्कार. नाही. कुणाला लागलं नाही. आता झालं समाधान?

तू मला दारुड्यांच्या रांगेत बसवलंस, म्हणून एक आठवण करून देतो. भूकंपाच्या दिवशी पहाटेपासून शाळेची जीप कुणी चालवली होती? रस्ता फुटलेला, पूल खचलेला, मागे रक्तानं भरलेली माणसं, आणि मी किल्लारीकडून लातूरच्या दवाखान्यात चार फेऱ्या केल्या. अकरा माणसं पोचवली. तू त्या दवाखान्याच्या दारात पाणी वाटत होतीस, तूच पाहिलंस. सरकारचं गौरवपत्र आजही माझ्या बैठकीत टांगलेलं आहे. साधा पीटीचा मास्तर होतो, त्या गौरवपत्रावर संघटनेत सचिव झालो. असा हात असलेल्या माणसाचा एक दिवस चुकला, तर लोक एवढं बोलतात?

दुसरं एक काम आहे. तुझ्या घरातली वरची खोली रिकामी आहे ना? आमच्या संघाची कर्णधार पुनम दहावी पास झाली, त्र्याऐंशी टक्के. सरावात पडून तिचा घोटा मोडला होता, आता बरा आहे. पण तिचे वडील वैजनाथ भडकलेत. किल्लारीच्या बाजूला पुनर्वसनाच्या गावात राहतात, पाच एकर जमीन, पोरगी एकुलती एक. खेळानं पाय मोडला, आता खेळ बंद म्हणाले. अख्खा मराठवाडा पोरं शिकायला लातूरला पाठवतो आणि हे गृहस्थ पोरीला लातुरातून नांदेडला पाठवून राहिलेत, कारण ‘लातुरात ऱ्हायली की पाय मैदानाकडं वळत्यात.’ अकरावी सायन्स आणि क्लास, बाकी काही नाही. मी म्हणालो, माझ्या अक्काकडे ठेवा. पोरगी गुणी आहे, तुला सोबत होईल.

प्रमाणपत्र विसरू नको.

तुझा,
सिद्धू


नांदेड, २१ जून २००२

चि. सिद्धू,

आशीर्वाद. सोबत प्रमाणपत्र पाठवते आहे. ‘मी यांना जन्मापासून ओळखते, त्यांची वर्तणूक सर्वसाधारणपणे चांगली आहे.’ सर्वसाधारणपणे हा शब्द खोडायचा नाही. भूकंपाचं नाव काढलंस की माझा हात सैल पडतो, हे तुला पक्कं माहीत आहे.

मुलीला पाठव. खोली झाडून ठेवते. इथेही क्लासवाल्यांनी उच्छाद मांडला आहे. आमच्या गल्लीत पिठाची गिरणी होती, तिथे आता भौतिकशास्त्र दळतात. समोरच्या बाईंनी न्हाणीघरावर पत्रे टाकून तीन डॉक्टर राहायला ठेवलेत, अजून अकरावी व्हायचेत एवढंच.

पण त्र्याऐंशी टक्के आणि वर कर्णधार, अशा मुलीचा खेळ बंद? तू सचिव ना? तिच्या बापाला समजावता आलं नाही? की समजावायला गेलासच नाहीस?

तुझी,
अक्का


लातूर, ३ जुलै २००२

ती. अक्का,

तुझ्या भावाचं पुनरागमन झालं आणि काय थाटात झालं! तू असायला हवी होतीस. हसून हसून खाली बसली असतीस.

मी आपला सकाळी दहाला डबा घेऊन कार्यालयात गेलो, तर दारावर आंब्याची पानं. आत पंधरा-वीस खुर्च्या, हार, शाल, श्रीफळ. फलकावर खडूनं लिहिलेलं, ‘मा. सिद्धलिंग सरांचे हार्दिक स्वागत.’ आप्पासाहेबांनी भाषण केलं. म्हणाले, सरांनी निलंबनाचा काळ अतिशय यशस्वीपणे पूर्ण केला. अक्का, अगदी हेच शब्द. टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुणे कोण, तर गंधार सर. ज्यांच्या मुलांच्या सायकली मी चेपल्या ते. त्यांनी संघटनेला नव्या गणवेशांचा संच दिलाय, पाठीवर क्लासचं नाव. ते म्हणाले, त्या घटनेनं आमच्या क्लासचं नाव जिल्हाभर झालं. शेवटी त्यांच्याच हस्ते मला तबकातून जीपची किल्ली दिली. मी डोळे मिटून घेतली. लोकांना वाटलं मला गहिवरून आलंय.

तुझं प्रमाणपत्र आप्पासाहेबांनी वाचून दाखवलं. सर्वसाधारणपणे हा शब्द वाचताना त्यांना खोकला आला.

पुनम पोचली ना? अभ्यासालाच बसव. खेळाचं तिच्याशी फार बोलू नको, तिला त्रास होतो.

तुझा,
सिद्धू


नांदेड, २२ जुलै २००२

चि. सिद्धलिंग,

आज तुला सिद्धू म्हणणार नाही.

तुझी गुणी पोरगी तीन आठवडे माझ्याकडे आहे. पहाटे पाचला उठते, गच्चीवर जाते आणि रांगेत बसल्यासारखी उकिडवी बसते. एकटीच. कुणी पाठीवर थाप मारत नाही, तरी उठून पळते, खांबाला वळसा घालते, परत बसते. पायात काही दोष नाही, डॉक्टरांनी खेळायला मोकळीक दिल्याचा कागद तिच्या वहीत आहे. नोव्हेंबरात राज्य संघाची निवड चाचणी आहे, ते पत्रकही त्याच वहीत आहे. तुझ्याच संघटनेचं.

मी तिला विचारलं, पाय कधी मोडला? म्हणाली, एकवीस डिसेंबरला, मैदानावर, सूर मारताना. मी म्हटलं बरं. दोन दिवस गेले. मग चपात्या लाटताना माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या आठवड्यात मैदानावर मांडव होता. सराव बंद होता. हे मला कुणी कळवलं? तूच. चार जूनच्या पत्रात, तुझ्या हातानं. पत्र काढून पाहिलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

सिद्धलिंग, ती पोरगी रडली नाही. म्हणाली, “सरांला काई म्हनू नका. सर म्हनले मैदानावर पडले म्हन, म्या म्हनलं हाव.” त्या दिवशी तिला क्लासला उशीर झाला होता. सगळे आत गेले होते आणि ती वाकून सायकलीला कुलूप लावत होती. तू तिला सायकलींखालून ओढून काढलंस, लोक बाहेर यायच्या आत रिक्षात घातलंस आणि काय सांगायचं ते पढवलंस. मग संघटनेच्या रजिस्टरात लिहिलंस, सरावात दुखापत. पेपरात सायकली आल्या, ती आली नाही.

मला तुझं कौतुक वाटतं. तिचा पाय तू मोडलास आणि नाव खेळावर टाकलंस. बापानं खेळ बंद केला, तेव्हा तू मान डोलावलीस. आणि मग ती लातुरात नजरेसमोर नको म्हणून तिला खोली शोधून दिलीस, ती कुणाकडे? जिनं चौतीस वर्षं पोरांची थापेबाजी पकडली तिच्याकडे! क्लाससाठी पोर कुठे ठेवायची म्हटल्यावर आपल्या माणसांना नातेवाइकापलीकडे काही सुचत नाही, एवढंच तिचं नशीब.

मी तुला एकच प्रश्न विचारला होता. तू ‘नाही’ लिहिलंस आणि मी सही केली. मला फार वाईट वाटतंय, सिद्धलिंग. राग नंतर येईल.

वैजनाथांना खरं सांग. तू सांगितल्याशिवाय ती मैदानावर जाणार नाही.

अक्का


लातूर, २७ जुलै २००२

अक्का,

मिळालं पत्र. तीनदा वाचलं. मुख्याध्यापिकाबाई, तुमची तपासणी बिनचूक आहे.

सांगणं सोपं असतं. सांगितलं तर नोकरी जाते, पोलिसांत नवी तक्रार होते, शरणम्मा माहेरी जाते, आणि पोरीला काय मिळतं? घोटा जुळलाय. अभ्यास चांगला चाललाय. लातूर-नांदेडात हजारो पोरी नुसता अभ्यास करून राहिल्यात, कुणी मेली नाही. खो-खो खेळून कुणाचं काय भलं झालंय? माझं झालं एवढंच, आणि त्यालाही भूकंप व्हावा लागला.

आणि सहीचं म्हणशील, तर तू मला प्रमाणपत्र आज पहिल्यांदा देत नाहीस. त्या दिवशी दवाखान्याच्या दारात, मोठे साहेब माझा हात हातात घ्यायला आले तेव्हा, माझ्या तोंडात इलायची कुणी कोंबली होती? “चघळ आणि बोलू नको,” कोण म्हणालं होतं? आदल्या रात्री गणपती बोळवून मी किती प्यालो होतो, हे तुला वासावरून कळलं होतं. गौरवपत्रासाठी सरकारला जो अर्ज गेला, तो कुणाच्या सुंदर अक्षरात होता?

मला शिकवू नकोस.

सिद्धलिंग


नांदेड, १२ ऑगस्ट २००२

चि. सिद्धू,

उत्तराला उशीर झाला. टोमणा मारायला एक शब्द सापडेना, असं माझं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

इलायची माझीच होती. पदराला बांधलेली होती, प्रवासात मळमळू नये म्हणून. अर्जही माझाच. मी स्वतःला सांगितलं, अकरा माणसं जिवंत आहेत, वासाचं काय घेऊन बसायचं? ती अकरा माणसं खरीच आहेत, आणि त्यांचा अभिमान मला आजही आहे. पण वासही खरा होता. मी त्यातलं एक भिंतीवर टांगायला दिलं आणि दुसरं गिळून टाकलं.

त्या दिवशी तू थरथरत होतास. जीपमधून उतरलास आणि म्हणालास, “अक्का, वाटेत दोनदा माझे डोळे मिटले.” आठवतं? मी तुला रडू दिलं असतं, तर कदाचित तू पुन्हा पिऊन गाडीला हात लावला नसतास. मी तुझं तोंड बंद केलं. प्यायलास तरी तुझा हात चुकत नाही, हे तुला लोकांनी नाही, मी शिकवलं. त्या पोरीच्या पायात माझाही वाटा आहे.

म्हणून मी माझ्याकडून सुरुवात केली. आप्पासाहेबांना लिहिलं की माझं प्रमाणपत्र चुकीच्या माहितीवर दिलं होतं, परत पाठवावं. उत्तर आलं, ‘आपले प्रमाणपत्र कार्यालयात काचेत लावले आहे. अक्षर अतिशय सुरेख असल्याने काढता येणार नाही.’

वैजनाथांना मी कळवू शकते. पुनमही सांगू शकते. पण ती म्हणते, “सरांनीच सांगावं. म्या सांगितलं तर बाबा म्हनतील, खेळासाठी खोटं बोलून राहिली.” ती रोज पोस्टमनची वाट पाहते. मला म्हणते अभ्यास करतेय, पण पुस्तक घेऊन बसते खिडकीत.

चाचणी नोव्हेंबरात आहे. मी तुला काही शिकवत नाही. वाट पाहते.

तुझी,
अक्का


लातूर, ४ ऑक्टोबर २००२

ती. अक्का,

तुझ्या पत्राला सात आठवडे उत्तर दिलं नाही. लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं. परवाच्या सोमवारी केलं.

तीस सप्टेंबरला वैजनाथांच्या गावात भूकंपात गेलेल्यांचा दिवस पाळतात आणि दरवर्षी मला पाहुणा म्हणून बोलावतात. यंदाही बोलावलं. यंदा एसटीनं गेलो. सगळ्यांनी विचारलं, जीप कुठंय? मी म्हणालो, दुरुस्तीला. बघ, शेवटपर्यंत सवय जात नाही.

स्तंभापाशी फुलं वाहिली. मग शाल, नारळ, आणि सरपंचांनी सांगितलं, सरांनी दोन शब्द बोलावेत. मी नऊ वर्षं तेच दोन शब्द बोलतोय. या वेळी सगळ्यांसमोर बोलायची छाती झाली नाही, खोटं कशाला सांगू? घसा बसलाय म्हणून खाली उतरलो आणि वैजनाथांना चिंचेखाली घेऊन गेलो. तिथे सांगितलं. शेतावरचं पिणं, सायकली, पुनम, रिक्षा, रजिस्टर, सगळं.

ते म्हणाले, “म्हंजी खेळून मोडला न्हाई पाय?”

मी म्हणालो, नाही.

“आन म्या लेकराला नऊ म्हैने म्हनून राहिलो, तुज्या खेळानं केलं. ती गप ऐकून घेत हुती, सर. तुमच्यापाई.”

मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “भूकंपाच्या दिशी माजी माय तुमच्या जीपमदी मागं हुती, म्या तुमच्या बाजूला. लई वास येत हुता.”

अक्का, तुझ्या इलायचीच्या आधीच त्या माणसाला ठाऊक होतं. मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत?

“दुसरी गाडी कुटं हुती? माय जित्ती हुती, तुमी चालवत हुते, म्या देवाचं नाव घेत हुतो. तवा गप बसलो ते बराबर हुतं. आता एसटी हाय, दवाखाना हाय. आता काहून गप बसू?”

मग त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल काढली, नीट घडी केली, काखेत मारली. नारळही घेतला. सत्कार परत घेतला गेलेला जिल्ह्यातला पहिला क्रीडा पदाधिकारी मीच असेन. निघताना म्हणाले, “पोरीला सांगा, बाप खेळ म्हनला. आन तुमी परत गाडीला हात लावू नका.”

दुसऱ्या दिवशी पोलिसांत जाऊन लिहून दिलं. परवाना ठेवून आलो. खटला होईल. मग कार्यालयात जाऊन रजिस्टरातली नोंद खोडली आणि खरी लिहिली. आप्पासाहेबांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, “अरे, पिऊन चालवलीस ते आम्ही सांभाळून घेतलं. आता खरं बोललास ते कसं सांभाळायचं?” संध्याकाळी तातडीची सभा झाली. संघटनेची प्रतिष्ठा मलिन केल्याबद्दल मला काढून टाकलं, एकमतानं. प्यायल्याबद्दल सहा महिने आणि बोलल्याबद्दल कायमचं. या वेळी हार नव्हता.

शरणम्मा माहेरी गेली नाही. नऊ महिन्यांनी तिनं विचारलं, चहा घेणार का? मला रडू आलं. तिनं रडू दिलं.

सकाळी मैदानावर जातो. मैदानाचा शिपाई गेल्या वर्षी निवृत्त झाला, तेव्हापासून रेषा कुणी आखत नाही. मी चुन्याच्या फक्कीची बादली घेतो आणि रेषा मारतो. पहिल्या दिवशी आठ वाकड्या आल्या. पण सकाळी पिणं बंद आहे, संध्याकाळीही. पाच दिवस झाले. पाचच झालेत, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

पुनमला काय सांगू ते सुचत नाही. तू सांग.

तुझा,
सिद्धू


नांदेड, ९ ऑक्टोबर २००२

चि. सिद्धू,

अनेक, अनेक आशीर्वाद. शरणम्माला माझ्या वाटचा एक कप चहा.

पुनमला मी काही सांगितलं नाही. तुझं पत्र तिच्या हातात दिलं. वाचलं, घडी घातली, वर गेली. थोड्या वेळानं गच्चीवर एवढी धपधप सुरू झाली की समोरचे तिन्ही डॉक्टर बाहेर आले. मी वर गेले तर ही पळत होती. मला म्हणाली, “बाई, तुमी बसा हितं पाटीवर.” साठाव्या वर्षी मी उकिडवी बसले आणि तिला खो दिला. उठताना तिनंच धरून उठवलं. माझ्या गुडघ्यांचं रजिस्टरात काय लिहायचं ते तू बघ, तुला सराव आहे.

पाच दिवसांना मी नावं ठेवत नाही. मोजत मात्र राहीन. दर रविवारी कार्ड टाक, त्यावर नुसता आकडा लिहिलास तरी चालेल.

आप्पासाहेबांच्या काचेत माझं जे लटकतं आहे त्याची मला लाज वाटते, म्हणून नवीन लिहिलं आहे. ते असं:

‘श्री. सिद्धलिंग यांना मी जन्मापासून ओळखते. ते दारू पीत, पिऊन गाडी चालवत आणि खोटं बोलत. त्यांच्या खोटेपणाला पहिली साथ माझी होती. दिनांक तीस सप्टेंबर रोजी त्यांनी उशिरा का होईना, स्वतः जाऊन खरं सांगितलं. त्यांच्या पुढील वर्तणुकीची खात्री मी देत नाही, ती त्यांनी रोज द्यायची आहे.’

हे दाखवून तुला कुठे नोकरी मिळायची नाही. बैठकीत टांग. गौरवपत्र काढू नकोस, त्याच्या शेजारीच टांग. दोन्ही खरी आहेत.

दसऱ्याच्या सुट्टीत पुनम सरावाला लातूरला येते आहे. सोमवारी, सकाळी सातच्या एसटीनं, दुपारपर्यंत पोचेल. वैजनाथ शेतात अडकलेत. त्यांनी लिहिलंय, सरांनाच घ्यायला पाठवा.

तिला घ्यायला जा. चालत जा.

तुझी,
अक्का